वणव्यानंतरची बाग: माझा अनुभव

साताऱ्याहून यवतेश्वरकडं चढताना उतारावर आमची बाग आहे. केशर आंब्याची कलमं, बांधाला सीताफळं, मध्ये थोडे शेवगे. मार्चमध्ये खालच्या गायरानातून वणवा चढला आणि तासाभरात बाग काळी करून वर निघून गेला. जाळलं की पुढच्या वर्षी गवत दाट येतं, या समजुतीनं कुणीतरी काडी ओढली असणार. अजिंक्यताऱ्यापासून कासच्या रस्त्यापर्यंत दर उन्हाळ्यात हेच चालतं. पंचनाम्याचं सांगत बसत नाही. तलाठी आले, कृषी सहायक आले, फोटो निघाले, कागद वर गेले. मला सांगायचंय ते झाडांचं.

जो येईल तो म्हणायचा, जेसीबी लावा, रान मोकळं करा, नवीन रोपं लावा. मी मात्र पाऊस पडेपर्यंत एकाही कलमाला कुऱ्हाड लावायची नाही असं ठरवलं. पानं करपली म्हणजे झाड मेलं असं नसतं. चाकूच्या टोकानं खोडाची साल खरवडायची. आत हिरवट, ओलसर लागलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर तेवढी बाजू गेली. तेवढी बाजूच, सगळं खोड नव्हे. उतारावर आग वर चढते, त्यामुळं झळ खोडाच्या चढाकडच्या अंगाला जास्त बसते. बऱ्याच कलमांची दरीकडची साल शाबूत होती. आणखी एक दिसलं. नुसतं गवत होतं तिथून जाळ झरकन पुढं गेला, पण पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला भिडलेलं होतं तिथं तो धुमसत राहिला आणि बुंधाच शिजवून गेला. आच्छादन हातभर लांब असलेली झाडं वाचली.

सावली गेल्यावर एप्रिलच्या उन्हानं उरलीसुरली साल तडकते. म्हणून खोडांना बोर्डो पेस्ट लावली: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. भाजलेल्या झाडाकडं खोडकिडा धावत येतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की तो आत शिरलाय समजायचं आणि तारेनं ओढून काढायचा. या कामात आमच्या घरच्या आबांचा हात माझ्यापेक्षा सरस.

मातीची गोष्ट वेगळीच निघाली. राख म्हणजे फुकटचं खत, हे निम्मंच खरं. पालाश आणि चुना मिळतो, पण नत्र जाळात उडून जातं आणि मातीचा सामू (पीएच) वर चढतो. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दिला, त्यातही तेच आलं. त्याहून मोठी अडचण पाण्याची. आंब्याखाली जिथं जास्त धुमसलं होतं तिथली राख बाजूला सारून वर तांब्यातलं पाणी शिंपडलं, तर थेंब अळवाच्या पानावर बसावेत तसे बसून राहिले. जळक्या पाल्यातला मेणचट अंश मातीच्या कणांवर बसतो आणि पाणी आत मुरत नाही. अशा उतारावर वळवाची एक सर आली तरी राखेबरोबर वरची चांगली मातीही ओढ्याला जाते. म्हणून वळवाच्या आधी एकच काम धरलं: मेलेल्या शेवग्यांच्या फांद्या आणि दगड उताराला आडवे, समपातळीत रचायचे. कडक झालेला थर दाताळ्यानं हलका फोडला, नांगर घातला नाही. वितळलेल्या ठिबकच्या नळ्या मातीतून वेचून काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. तुकडे अजून सापडतात.

जूनमध्ये ताग पेरला, एकरी पंचवीस किलोच्या हिशेबानं. फुलावर यायला लागला की कापून जागीच गाडला. नत्राची भरपाई यासारखी स्वस्तात दुसरी होत नाही. धूप जास्त होती त्या पट्ट्यात अंबाडी टाकली, भाजीही होते म्हणून. ती कमरेला लागली आणि गावात कुजबुज सुरू झाली. एक दिवस पोलीस पाटील हजर. "काय वो, रस्त्यावरनं बघितलं तर पान निराळंच दिसतंय. गांजा-बिंजा नाही ना?" त्यांचं काही चुकलं नाही. अंबाडीचं वरचं पान तसंच बोटाबोटांचं असतं, आणि उसात, हळदीत गांजा सापडल्याच्या बातम्या आपल्या भागात नव्या नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार शेतात असं झाड बेकायदा लावलेलं दिसलं तर जमीनधारकानं ताबडतोब कळवायचं असतं, गावच्या अधिकाऱ्यांवरही तीच जबाबदारी आहे. मी एक पान तोडून त्यांच्या हातात दिलं, चावा म्हटलं. आंबट लागल्यावर हसले आणि जाताना भाजीला जुडी घेऊन गेले. नंतर पिवळी, मध्ये गडद डोळा असलेली फुलं आली तेव्हा बाकीच्यांचीही शंका मिटली.

सीताफळं पहिल्या पावसातच बुंध्यातून फुटली, त्यांची काळजी करावी लागत नाही. चार-पाच जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढले. आंब्याचं मात्र नीट बघावं लागतं. धुमारा कलमाच्या जोडाच्या वर फुटला तर तो केशरच. जोडाच्या खालून आला तर तो खुंटाचा, म्हणजे गावठी. कितीही तरारला तरी केशर देणार नाही. तो उपटून टाकायचा नाही. आम्ही असा एकेक सरळ धुमारा राखला आणि ऑगस्टच्या ओलसर हवेत जागेवरच त्यावर केशरच्या काडीचं मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या लाकडावरचं, कलम केलं. जुनी मुळं खाली तयार असल्यानं ही कलमं नवीन रोपापेक्षा झपाट्यानं वाढतात. जेसीबी फिरवला असता तर ही मुळंच गेली असती. सगळी कलमं लागली नाहीत, पण निम्म्याहून जास्त हिरवी आहेत. मोहोराची घाई नाही. पहिल्या वर्षी आला तर खुडणार.

दिवाळीनंतर गवत वाळायच्या आत खालच्या बाजूला तीन मीटर रुंद पट्टा खरवडून जाळरेषा काढली, कापलेलं गवत बांधावर न ठेवता गोठ्यात नेलं. शेजारच्या दोघांनी आपापल्या हद्दीत पट्टा पुढं वाढवला. गायरानातून धूर दिसला की वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, हे आता आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.