चौथ्या संघातले क्रिकेट

घरी फोन केला की इंग्लंडमधल्या क्रिकेटविषयी सगळे लॉर्ड्सबद्दल विचारतात. मला मात्र सांगायचे असते ते आमच्या क्लबच्या चौथ्या संघाविषयी. लँकेशायरच्या पूर्व भागात, जुन्या कापड गिरण्यांच्या एका गावात, पन्नाशी ओलांडलेला माझ्यासारखा माणूस एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ दर शनिवारी पांढरे कपडे घालून सीझन बॉलने रीतसर सामना खेळतो आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नाही. आमचा यष्टिरक्षक टपाल खात्यातून निवृत्त झालेला आहे, तर नवा चेंडू बहुतेकदा शाळेत जाणाऱ्या एका मुलीच्या हाती असतो आणि तिचा आत येणारा चेंडू खेळताना भल्या भल्या गृहस्थांची तारांबळ उडते.

माझी सुरुवात गिरगावातल्या चाळीत कच्चा लिंबू म्हणून झाली. एक टप्पा आऊट, समोरच्या कठड्याला चेंडू लागला तर दोन धावा, आणि तळमजल्यावरच्या ठरावीक बिऱ्हाडात चेंडू गेला तर डाव समाप्त, कारण तिथल्या आजोबांकडून तो त्या दिवशी परत मिळत नसे. पुढे शाळेच्या संघात राखीव खेळाडू म्हणून आझाद मैदान पाहिले. तिथे बावीस खेळपट्ट्या एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की आपल्या सामन्यातला स्क्वेअर लेग शेजारच्या सामन्यात कव्हरला उभा असल्यासारखा दिसतो. याच मैदानावर फेब्रुवारी 1988 मध्ये आंतरशालेय हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. तो पराक्रम आमच्या पिढीने पाठ केला. पण त्या डावात दिवसभर क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलांपैकी पुढे किती जण खेळत राहिले असतील, हा प्रश्न मला फार नंतर पडला.

मुंबईत क्रिकेट सगळेच खेळतात, परंतु दहावी-बारावीच्या सुमारास एक चाळणी लागते. शाळेच्या संघातून क्लबात आणि क्लबातून टाइम्स शील्ड खेळणाऱ्या एखाद्या बँकेत किंवा कंपनीत ज्याचा नंबर लागला, त्याचा खेळ टिकतो. उरलेले आधी रविवारी टेनिस बॉलवर आणि मग टीव्हीसमोर येतात. मैदाने मोजकी आणि खेळणारे अमाप असल्यावर दुसरे काय होणार? मी स्वतः कांगा लीगच्या अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये काही पावसाळे काढले आणि नोकरी लागताच किट माळ्यावर गेले. ते किट पुन्हा खाली काढावे लागले, तेही परदेशात, याची मला अजून गंमत वाटते.

त्या कांगा लीगचे ऋण मात्र इथे फार जाणवते. 1948 पासून ऐन पावसाळ्यात, उघड्या आणि ओल्या खेळपट्ट्यांवर होणाऱ्या त्या स्पर्धेत चेंडू कधी घसरतो, कधी अंगावर उसळतो. गवत इतके वाढलेले असते, की जमिनीलगत मारलेला फटका वाटेतच थांबतो. उन्हाळ्यातल्या टणक खेळपट्टीवर शिकलेला मुंबईकर इथे मे महिन्यात आला की चेंडू बॅटवर येईल अशा भरवशाने लवकर फटका खेळतो आणि कव्हरला सोपा झेल देऊन परततो. थंडीने ओली राहिलेली माती, खेळपट्टीवर राखलेले गवत आणि ठसठशीत शिवणीचा ड्यूक्स चेंडू यांच्यापुढे फटका उशिरा आणि सैल हातांनीच खेळावा लागतो. पावसाळ्यात अंगवळणी पडलेली ही सवय इथे मला धावा देत नसली, तरी थोडा वेळ टिकून राहू देते.

हा परगणा भारतीय क्रिकेटला नवा नाही. 1892 मध्ये स्थापन झालेल्या लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक क्लबाला एक व्यावसायिक खेळाडू ठेवता येत असे, आणि त्यामुळे गिरणी कामगारांना वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टन्टाइनसारखा खेळाडू आपल्या गावात दर शनिवारी पाहायला मिळाला. आपले सांगलीचे विजय हजारे 1949 मध्ये रॉटनस्टॉलकडून खेळले. विनू मांकड 1952 मध्ये हॅस्लिंग्डनशी करारबद्ध होते आणि क्लबाने मोकळे केल्यावर त्यांनी लॉर्ड्स कसोटीत 72 आणि 184 धावा केल्या. कोणी अर्धशतक काढले की प्रेक्षकांत डबा फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा करण्याची इथली जुनी पद्धत आहे. चौथ्या संघाला प्रेक्षकच नसल्यामुळे आमच्यावर ती वेळ येत नाही.

खालच्या संघांना नेमलेले पंचही नसतात. ज्यांची फलंदाजी यायची आहे त्यांनीच पांढरा कोट घालून उभे राहायचे. 'त्यांचाच अंपायर' या दोन शब्दांवर ज्याने लहानपणी कैक सामने मोडलेले पाहिले आहेत, त्याला ही व्यवस्था अशक्य वाटावी. गेल्या मोसमात मी आमच्याच कप्तानाला पायचीत दिले. तो मुकाट्याने परतला, पायऱ्यांवर बसून पॅड सोडले आणि मी बदली होऊन आल्यावर म्हणाला, "मधल्या यष्टीवर होता." त्यानंतर मला नवव्या क्रमांकावर पाठवण्यात आले, तो भाग वेगळा.

या खेळाची किंमत अंगमेहनतीने चुकवावी लागते. मार्चमध्ये सगळ्यांनी येऊन कुंपण रंगवायचे, साइटस्क्रीन दुरुस्त करायचा, रोलर फिरवायचा. रोलर ओढताना मला हटकून दलित समाजातले गोलंदाज पळवणकर बाळू आठवतात. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी राखण्याचे आणि जाळी उभारण्याचे काम करता करता, नेट्समध्ये साहेबांना गोलंदाजी टाकत ते घडले आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून 114 बळी मिळवले. त्याच पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. डावांच्या मध्यंतरात एका टेबलाभोवती सगळा संघ चहा पितो तेव्हा ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

म्हणून इथे सगळे आलबेल आहे असेही नाही. जून 2023 मध्ये एका स्वतंत्र आयोगाने इंग्लंड आणि वेल्समधल्या क्रिकेटमध्ये वंशभेद, लिंगभेद आणि वर्गभेद सर्वदूर असल्याचा अहवाल दिला, आणि सरकारी शाळांमधून क्रिकेट जवळपास हद्दपार झाल्याचे तर कोणालाही दिसते. चौथ्या संघाचे दार माझ्यासाठी उघडे असण्यात माणसांच्या टंचाईचाही वाटा आहे. आशियाई कुटुंबे नसती तर आसपासच्या कित्येक क्लबांना अकरा जण जमवणे कठीण गेले असते. कारण काहीही असो, मला खेळायला मिळते.

तुमच्यापैकी कोणाची मुले शिकायला किंवा नोकरीला इकडे येणार असतील, तर त्यांनी जानेवारीतच जवळच्या क्लबच्या सचिवाला ईमेल करावा, कारण बंदिस्त नेट्स तेव्हाच सुरू होतात. येताना बॅट भारतातूनच आणावी. इंग्लंडमध्ये वाढलेल्या विलोच्या फळ्या मेरठ आणि जालंधरला जातात आणि तिथे घडलेली बॅट इथल्या भावापेक्षा बरीच स्वस्त पडते. बूट मात्र इथेच, खिळ्यांचे घ्यावेत, कारण रबरी तळव्याचे बूट मे महिन्यातल्या ओल्या गवतावर पहिल्याच षटकात दगा देतात.