पुणे-कोची: ३८ हजारांची तिकिटं ४६ हजारांवर कशी गेली

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची लेक, पुण्याहून कोचीला जाऊन आलो. मुन्नार, फोर्ट कोची सगळं छान झालं, पण त्यावर लिहिणारे भरपूर आहेत, मला तिकिटांबद्दल सांगायचंय.

अ‍ॅपवर बघितलं तेव्हा माणशी जायचे ४,६०० आणि यायचे ४,९०० दिसत होते. चौघांचे ३८,०००. तोच आकडा वहीत लिहून बाकीचं बजेट ठरवलं आणि इथेच चुकलं. शेवटी हिशोब केला तर निव्वळ विमानाचे ४६,६५० गेलेले.

आधी एक गोष्ट सांगते, हे वरचे पैसे टॅक्सचे नाहीत. इकॉनॉमीवरचा ५ टक्के जीएसटी, विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापरायची फी), सिक्युरिटी फी (देशातल्या प्रवासाला २०२१ पासून २०० रुपये) हे सगळं त्या ४,६०० मध्ये धरलेलंच होतं, 'फेअर ब्रेकअप'वर (किमतीची फोड) क्लिक केलं की दिसतं. तिथे कधीकधी फ्युएल चार्ज पण वेगळा लिहिलेला असतो. इंडिगोने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतराप्रमाणे ३०० ते १,००० रुपये असा तो लावला होता आणि जानेवारी २०२४ मध्ये काढला. असो, आमचे पैसे वाढले ते ह्याच्या पुढच्या पानांवर.

पहिली कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन बुकिंगसाठी लावतात ती. माणशी ३५०, ती पण जायची वेगळी आणि यायची वेगळी, म्हणजे २,८००, आणि ही दिसते एकदम पेमेंटच्या पानावर, नावं वयं सगळं भरून झाल्यावर, तेव्हा परत मागे जाऊन दुसरीकडे शोधायचा पेशन्स कोणाला असतो. तिकीट रद्द केलं तर ही फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. त्याच पानावर इन्शुरन्सवर आधीच टिक केलेली होती, ती नवऱ्याच्या लक्षात आली म्हणून काढली. असं न विचारता टाकणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं, दोन्ही प्रकार 'डार्क पॅटर्न' म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवायच्या युक्त्या आहेत आणि सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमांनुसार त्यांना मनाई आहे. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, विमानाच्या तक्रारींसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल पण आहे.

मग सीट. सगळा नकाशा रंगीत आणि प्रत्येक सीटला किंमत, न निवडता पुढे जायचं बटण खाली बारीक अक्षरात. लेक वेगळी बसेल ह्या भीतीने जाताना चारही सीट विकत घेतल्या, १,२०० रुपये. नंतर कळलं की बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांच्या शेजारी सीट द्यावी असं डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एप्रिल २०२४ मध्येच कंपन्यांना सांगितलंय. म्हणून येताना फक्त सासूबाईंची घेतली, गुडघ्यामुळे त्यांना मधल्या वाटेकडचीच लागते, ४५० रुपये. आम्हा तिघांना वेब चेक-इनला फुकट मिळाल्या आणि लेक माझ्याच शेजारी होती. वेब चेक-इन जमलं नाही तरी घाबरू नका, काउंटरवर बोर्डिंग पास द्यायचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, केंद्राच्या विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

सगळ्यात मोठा फटका बॅगांचा. येतानाची कंपनी वेगळी होती, सगळ्यात स्वस्त तेच तिकीट आम्ही घेतलं आणि ते निघालं फक्त केबिन बॅगवालं, चेक-इनला, म्हणजे काउंटरवर द्यायच्या सामानाला, शून्य किलो. २०२१ पासून अशी तिकिटं विकायला परवानगी आहे, पण आमच्या डोक्यात पंधरा किलो इतकं पक्कं बसलेलं की बघितलंच नाही. कोचीतल्या मट्टांचेरीहून मिरी-वेलदोडे, मुन्नारचा चहा, केळ्याचे चिप्स, दोन बॅगा ठासून भरलेल्या आणि मागे ही लांब रांग. दोन बॅगांचे ४,२०० भरले. हेच आधी ऑनलाइन घेतलं असतं तर २,४०० झाले असते हे काउंटरवरच्या मुलीनेच सांगितलं. सासूबाई तर म्हणाल्या मसाले इथेच कोणाला तरी देऊन टाका, इतकं वाईट वाटलं ते ऐकून.

तर तुम्ही बुक करताना 'बॅगेज' असं लिहिलेलं उघडून चेक-इन किती किलो ते वाचा, जायचं आणि यायचं दोन्हीचं. कंपनीची साइट आणि अ‍ॅप दोन्हीवर पेमेंटच्या पानापर्यंत जा आणि तिथला शेवटचा आकडा ताडून बघा, पहिल्या पानावरचा नाही. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग बदलून बघा, काही ठिकाणी फी कमी होते. येताना खरेदी होणारच असेल तर जास्तीची बॅग घरूनच बुक करा आणि हुकाला लटकवायचा छोटा वजनकाटा सोबत ठेवा.

अजून एक. माझ्या वहिनी पण येणार होत्या, त्यांचं जायचं तिकीट वेगळं काढलेलं आणि ऐनवेळी जमलं नाही. तिकीट नॉन-रिफंडेबल, अ‍ॅपवर रिफंड शून्य. पण तिकीट कसंही असलं तरी सरकारी टॅक्स आणि यूडीएफ प्रवाशाला परत द्यावीच लागते आणि त्या रिफंडसाठी वेगळा चार्ज लावता येत नाही, हा डीजीसीएचा २०१६ पासूनचा नियम आहे. मी नियमाचा उल्लेख करून मेल टाकला, दोनदा आठवण केली. अकराव्या दिवशी वहिनींच्या खात्यात ८४० रुपये आले.