तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तिकिटं का चिकटवते?

अ‍ॅबर्डीनच्या गणपतीत विचारता, दिवाळीच्या फराळाला विचारता. पुण्याहून वहिनी तर दर फोनला विचारते, "अगं, त्या तुमच्या वारसा मंडळाचं पत्रक अजून पाकिटात घालून पाठवतेस? एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढ की!" आजवर हसून सोडून दिलं. आपल्यातली एक बाई, म्हणजे मी, इथल्या स्कॉटिश वारसा मंडळाची (स्थानिक इतिहास जपणाऱ्या संस्थेची) चिटणीस कशी झाली, ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते परत उगाळत नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण मला हिशेब येत नाही असंच तुम्हाला वाटतं. वर्गणी १० पौंड. कर भरणाऱ्या सभासदाने 'गिफ्ट एड' या सरकारी योजनेच्या फॉर्मवर सही केली की सरकार पौंडामागे २५ पेन्स घालतं, म्हणजे झाले साडेबारा. पण आमच्याकडे ज्यांना कागदच लागतो ते बहुतेक नुसत्या सरकारी पेन्शनवर. कर नाही, म्हणून वरचे अडीचही नाहीत. खर्च जास्त त्यांच्यावर आणि जमा कमी त्यांच्याचकडून. कळतं मला हे. खजिनदार दर बैठकीत ऐकवतात.

टपालाचं सेकंड क्लासचं तिकीट २०२१ मध्ये ६६ पेन्सला होतं, २०२५च्या एप्रिलात ८७ झालं. त्यावर किंमत छापलेली नसते, म्हणून दरवाढीआधी गठ्ठा घेऊन ठेवायची आमची जुनी युक्ती. मग बारकोडवाली तिकिटं आली आणि राणीचा चेहरा असलेली साधी तिकिटं २०२३च्या जुलैनंतर चालेनाशी झाली. ड्रॉवरभर तिकिटं फॉर्म भरून बदलून घेत बसले. पत्रकाची घडी घालतो, कारण पाकीट २४ बाय साडेसोळा सेंटिमीटरच्या आत आणि जाडी ५ मिलिमीटरच्या आत असली तरच ते 'लेटर'. नाहीतर 'लार्ज लेटर', त्याचे २०२५ मध्ये १ पौंड ५५. घडी नेमकी फोटोतल्या माणसांच्या नाकावरून जाते, अशी तक्रार दर अंकाला येते. जवळपासच्या घरांत मी स्वतः पायी वाटते. खाटकाच्या खिडकीत एक प्रत, लायब्ररीत एक.

आता खरं कारण. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात कागद बंद करण्याच्या बाजूची मीच होते. समितीपुढे लॅपटॉप उघडून आकडे मांडले: ११० सभासद, वर्षाला ४ अंक, नुसत्या टपालाचेच २९० पौंड. हॉलचं भाडं आणि विमा भरून आमच्याकडे उरतं काय? ठराव झाला. यापुढे सगळं इमेलवर. ज्यांना कागद हवा त्यांनी अर्ज करावा. तो अर्ज मी इमेलनेच पाठवला. हसू नका. तेव्हा एकालाही त्यात काही खटकलं नाही, मला तर नाहीच.

आमचे एक सभासद होते, ८४ वर्षांचे, जन्मभर शेती केलेले. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. त्यांच्या नावापुढे इमेल होता तो मुलीचा, आणि मुलगी कॅनडात. त्यांना त्यांच्या शेतांची नावं तोंडपाठ होती. तिथे 'पार्क' म्हणजे कुंपणातलं शेत: बॉग पार्क, वेल पार्क, अशी. आमच्या साताऱ्याकडच्या रानांनाही अशीच नावं आहेत, त्यामुळे आमचं जमायचं. ती सगळी नावं नकाशावर लिहून २ डिसेंबरच्या व्याख्यानाला आणतो, असं त्यांनी मला कबूल केलं होतं.

२६ नोव्हेंबरला आर्वेन वादळ आलं. स्कॉटलंडभर लाखो झाडं पडली. आमच्या भागात कुठे कुठे आठवड्याहून जास्त वीज नव्हती. माझ्याकडे मंगळवारी आली. हॉलमध्ये आलेली नव्हती. मी लगेच मेल टाकला: व्याख्यान रद्द. एका क्लिकमध्ये ११० जणांना निरोप! स्वतःवर खूश होते मी. वीज नसलेल्या घरात मेल कोण वाचणार, हेही डोक्यात आलं नाही.

गुरुवारी आजोबा गाडी घेऊन आले. नेहमीचा रस्ता झाडांनी बंद, म्हणून लांबून वळसा घालून. हॉलला कुलूप, दारावर चिठ्ठीसुद्धा नाही. गाडीतच पाऊण तास बसून राहिले. हे मला कळलं कधी? जानेवारीच्या शेवटी. वर्गणी आली नाही म्हणून मी फोन केला तेव्हा. "फिट लाईक?" म्हणाले, म्हणजे तिकडचं 'कसं काय'. आवाजात राग नव्हता. वर्गणीचा विषय काढला तर आश्चर्याने म्हणाले, "चालू आहे का अजून मंडळ? मला वाटलं बंद झालं."

उन्हाळ्यापासून पत्रक नाही, हॉल अंधारात. दुसरं काय वाटणार?

मी नकाशाचं विचारलं. म्हणाले, "आता कुणाला हवाय, म्हणून टाकला." पुन्हा करू म्हणाले. मी दोनदा गेले, अकरा नावं उतरवून घेतली. मग त्यांना वृद्धाश्रमात हलवलं आणि शेत विकलं गेलं. नावं किती होती, ते मला माहीत नाही.

२०२१ची ती लॅपटॉपवाली, म्हणजे तेव्हाची मीच, माझ्याशी अजून भांडते. म्हणते, एका चिठ्ठीने काम झालं असतं, एका फोनने झालं असतं. फोन नंबरांची यादी तुझ्याच ड्रॉवरमध्ये होती. दोष आळसाचा, इमेलला कशाला नावं ठेवतेस? बरोबर आहे तिचं. वादळात पोस्टमन तरी कुठे आला असता? रद्द झाल्याचं पाकीट व्याख्यानानंतरच पोचलं असतं. मी म्हणते, पण उन्हाळ्यापासून पत्रक येत राहिलं असतं तर मंडळ जिवंत आहे हे त्यांना ठाऊक असतं. त्यांनीच फोन केला असता. ती म्हणते, केला असता? तो माणूस? यावर मी गप्प.

आता ३८ जणांना टपालाने जातं, ८७ पेन्सच्या तिकिटाने वर्षाला १३२ पौंड. तसं म्हटलं तर त्यातली निम्मी पत्रकं न वाचता रद्दीच्या निळ्या डब्यात जात असतील. हे पैसे मंडळाचे आहेत, माझ्या मनाच्या टोचणीवर खर्च करायचे नव्हेत, हेही खजिनदारांनी सौम्य शब्दांत सुचवून झालंय. त्यात आता लँडलाइनही ब्रॉडबँडवर चालल्या आहेत. जानेवारी २०२७ पर्यंत जुनं अ‍ॅनालॉग फोनचं जाळं बंद करायचं ठरलंय. पुढच्या वादळात वीज गेली की बॅटरीची सोय नसलेले फोनही मुके. हे मी बैठकीत मांडलं, तर खजिनदार म्हणाले, मग पत्रकाचा काय संबंध? आणि खरंच, नव्हता.

पुढच्या मंगळवारी ४ऐवजी ३ अंकांचा ठराव आहे. हात वर करायचा की नाही, माझं ठरलेलं नाही.

ग्रुप काढायचाच तर काढा. नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून आधी एकेकाला विचारा. मागे इमेलमध्ये पत्ते लपवणाऱ्या बीसीसीऐवजी सीसी करून मी ११० पत्ते उघडे पाडले होते, त्याची माफीपत्रं मलाच लिहावी लागली. आणि अ‍ॅडमिन मला करू नका.