हाडांचा आवाज

यंदा मला त्रेसष्टावे वर्ष लागले. माझे वडील बासष्टाव्या वर्षी गेले, त्यामुळे आता पुढचा प्रत्येक दिवस त्यांनी न पाहिलेल्या वयातला आहे, हा विचार सोलापुरातून आमची लहानशी दिंडी निघाली तेव्हापासून माझ्या बरोबरीने चालत होता. तिऱ्हे, कामती, बेगमपूर कधी मागे पडले ते आता सांगता येणार नाही. पाण्याच्या टँकरपाशी म्हाताऱ्यांना रेटून पुढे घुसणाऱ्या पोरांचा राग मात्र चांगला लक्षात आहे. मुखी हरिपाठ असूनही तो बराच वेळ उतरला नव्हता.

माचणूर ओलांडल्यावर टाचेचा फोड इतका ठसठसू लागला की मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसलो. पंचाहत्तरीचे एक अनोळखी माळकरी शेजारी येऊन टेकले, तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे कटकन वाजले. "पाय आणा की हिकडं, माउली," म्हणत त्यांनी टोपीत खोवलेली सुई काढली. आयुष्य यंत्रमागावर गेलेले, तुटला धागा सांधून सांधून बोटांना घट्टे पडलेले. पण चष्म्याशिवाय पहिल्याच खेपेला दोरा ओवला. काडी ओढून सुई जाळावर धरली, फोडाच्या आरपार दोरा नेला आणि पाणी झिरपत राहावे म्हणून त्याची दोन्ही टोके बोटभर बाहेर सोडली. एवढ्या वडीलधाऱ्या माणसाने माझा पाय मांडीवर घ्यावा याने मी अवघडलो होतो, तर काम संपल्यावर त्यांनीच माझ्या पावलाला हात लावून तो कपाळी नेला.

गुडघे फार दुखतात का, असे मी विचारले. "दुखत्यात की. पण नामदेवांनी चोखोबांची हाडं कानाला लावून वळखली, ती इट्ठल इट्ठल म्हणत होती. आमची नुस्ती वाजत्यात. चालून चालून नाव घ्यायला शिकली म्हंजे झालं!" आणि ते मनमोकळे हसले. मीही हसलो, निघाल्यापासून पहिल्यांदाच.

चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंतीखाली गेले. ही कथा लहानपणापासून ऐकत आलो, तरी जिवंतपणी ज्यांना देवळाबाहेर थांबवले त्यांच्या अस्थींना महाद्वारी जागा मिळाली, एवढेच मी तिच्यातून घेतले होते. मरणानंतरही ज्याची सवय सुटली नाही, असा देह त्या दुपारी मला पहिल्यांदा दिसला.

पंढरीत नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीपाशी मी वाकलो. टाचेतला दोरा अजून तसाच होता. माझेही गुडघे वाजले, आणि मागची गर्दी पुढे ढकलत असताना मी तिथेच कान देऊन क्षणभर थांबलो.