रंगाचे टोक

नवी मुंबईत महापे येथील टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मोडलेले हाड जोडण्यासाठी लागणारे टायटॅनियमचे स्क्रू आणि प्लेट तयार होतात आणि परदेशी बाजारांच्या परवान्यांचे काम माझ्याकडे आहे. एके सकाळी गेटवरून फोन आला की दोन पाहुणे आले आहेत, मात्र वेळ ठरवून आलेले नाहीत. ते युरोपात माल विकायला लागणारे सीई प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे ऑडिटर होते. युरोपच्या २०१७ च्या नियमावलीनुसार, जी प्रत्यक्षात २६ मे २०२१ पासून लागू झाली, अशा संस्थेला पाच वर्षांतून किमान एकदा न कळवता तपासणीला यावेच लागते.

चहा बाजूला ठेवून ते थेट तयार मालाच्या स्टोअरमध्ये गेले. त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी ३.५ मिलिमीटरच्या लॉकिंग स्क्रूचे एक पाकीट उचलले, त्यावरचा लॉट नंबर टिपून घेतला आणि हा स्क्रू धातूच्या ज्या बारमधून, म्हणजे सळईतून, कापला गेला त्या बारपर्यंत आम्हाला न्या, एवढेच सांगितले.

मागणी साधी वाटते, पण खरी कसोटी तिथेच असते. इम्प्लांटसाठी, म्हणजे शरीरात बसवायच्या भागांसाठी, वापरल्या जाणाऱ्या ईएलआय या अधिक शुद्ध प्रतीच्या टायटॅनियममध्ये ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.१३ टक्के चालतो, तर त्याच मिश्रधातूच्या साध्या प्रतीत ०.२० टक्क्यांपर्यंत. दोन्हींत ॲल्युमिनियम सुमारे ६ टक्के आणि व्हॅनेडियम सुमारे ४ टक्के, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही बार सारखेच दिसतात. हातात धरून वापरायच्या एक्स-रे यंत्रालाही ऑक्सिजन दिसत नाही. म्हणजे बारची ओळख टिकते ती त्याच्या हीट नंबरवर, म्हणजे धातू ज्या खेपेत वितळवला तिच्या क्रमांकावर, आणि धातू बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रमाणपत्रावर. तो धागा एकदा तुटला की उत्तम धातूसुद्धा भंगाराच्या भावाचा.

लॉटच्या फाइलवरून आम्ही बार पुढे सरकवत स्क्रू कापणाऱ्या स्लायडिंग हेड लेथपाशी पोहोचलो. बाईंनी ऑपरेटरकाकांना विचारले की बार कापून संपत आल्यावर उरलेला तुकडा कोणत्या हीटचा, हे तुम्ही कसे ओळखता. मी प्रश्न मराठीत सांगेपर्यंत काकांनी लोखंडी पेटीतून वीतभर लांबीचा एक तुकडा काढून त्यांच्या हातात दिलाही. त्याच्या टोकाला निळा रंग होता आणि लगत हीट नंबर कोरलेला होता. "बार चढवताना रंगाचं टोक कायम मागच्या बाजूला ठेवायचं, मॅडम. माल पुढून कापत जातो, म्हणून शेवटी उरतो तो तुकडा रंगाचाच," ते म्हणाले. लेथशेजारच्या मराठी सूचनापत्रावर हेच छायाचित्रासह छापलेले होते. बाईंनी तुकड्यावरचा नंबर प्रमाणपत्राशी ताडून पाहिला आणि मग आत घेतलेल्या बारांचे वजन, तयार स्क्रू, कापताना पडलेला कीस आणि तुकडे यांचा हिशोब मागितला. त्यात दुपार गेली. निर्जंतुकीकरणाच्या नोंदी मात्र त्यांनी भराभर उलटल्या.

त्याच आठवड्याच्या बैठकीत आमच्या संस्थापकांना जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या मेडिका या वैद्यकीय उपकरणांच्या प्रदर्शनात मोठा स्टॉल हवा होता. निर्यात वाढवायची तर ग्राहक गाठावा लागतो, हे मलाही मान्य आहे. पण इम्प्लांटची कागदपत्रे शेवटचा नग बाजारात गेल्यानंतरही किमान १५ वर्षे जपावी लागतात आणि प्रत्येक नव्या देशाबरोबर हा पसारा वाढतो. मी नोंदींसाठी दोन माणसे आणि अग्निरोधक कपाटे मागितली. बरीच घासाघीस झाल्यावर स्टॉल निम्मा झाला, एक माणूस मिळाला आणि कपाटांची ऑर्डर त्याच संध्याकाळी गेली.