महिन्याचं किती टाकू?

काही दिवसांपासून एक रुपया डोक्यात बसला आहे.

माऊ आली होती तेव्हा तिनं माझ्या फोनमध्ये तिच्यासारखंच हिशोबाचं ॲप टाकून दिलं. आधी स्वतःचं दाखवलं. 'मासिक उत्पन्न' असा रकाना, त्यात तिनं टपटप आकडा मारला आणि पुढं गेली. मग माझा फोन. "आई, तुझं महिन्याचं किती टाकू?" मी म्हटलं, कोणत्या महिन्याचं? ती हसली. रिकामं ठेवलं तर पुढं जाईना, शून्यही घेईना. शेवटी "जाऊ दे, एक टाकते" म्हणाली आणि टाकला. मासिक उत्पन्न रुपये १. तिची बसची वेळ झाली होती.

पोरीवर राग नाही. तिनं काय वाईट केलं? गाडी अडली होती, तिनं पुढं ढकलली. तरी त्या दिवसापासून ते ॲप उघडलं की पहिली नजर त्या एकावरच जाते. महिनाअखेर त्यानं लाल अक्षरांत कळवलं की माझा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे. किती टक्के जास्त तेही सांगितलं. आकडा इतका लांब की अर्धा कडेला कापला गेला. वर सल्ला, डाळींवर खर्च दिसत नाही, आहारात प्रथिनं घ्या. अरे बाबा, तूर घरची आहे. कपाशीच्या ओळींमधली.

आता फुकटची मुदत संपत आली. वर्षाचे पैसे भरायचे की नाही ते ठरवायचं आहे. माऊ म्हणते मी भरते. दुसरा रस्ता म्हणजे लॅपटॉपवरचं हिशोबाचं आपलं जुनं सॉफ्टवेअर, ग्नूकॅश, नव्या व्हर्जनवर न्यायचं. तेही टाळता येत नाही, कारण आपल्या लॅपटॉपवरच्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्या डब्ब्यावर चढत नाही. माऊ तिचा जुना लॅपटॉप देऊन राहिली आहे. त्यावर ग्नूकॅशचं ५ येईल. माझं अजून २.६ चालू आहे. एकदम उडी मारू नको, ३ आणि ४ वर एकेकदा फाइल उघडून, सेव्ह करून मग ५ वर जा, असं ती म्हणाली. नव्यात गेलेली फाइल जुन्यात परत उघडेलच ह्याची खात्री नाही. हे ऐकलं आणि पोटात गोळा आला. कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, माऊची फी, दागिन्यांचं ते खातं, सगळं त्या एका फाइलीत. दागिन्यांचं जाऊ दे.

तसं पाहिलं तर तुलनाच नाही. ॲप बँकेचे मेसेज वाचून हिशोब लावतं, आणि आमच्याकडे जे खरं घडतं त्याचा मेसेज येत नाही. वेचणीचे पैसे बाजाराच्या आदल्या दिवशी हातात रोख. डीएपी खताची १३५० ची बॅग उधारीवर आली तर रुपया हललाच नाही, पण देणं झालं ना? ग्नूकॅशमध्ये एका बाजूला खत, दुसऱ्या बाजूला उधारी, ताळा बरोबर. चुकून एक बाजू राहिली तर ते स्वतःच 'इम्बॅलन्स' नावाचं खातं उघडून फरक तिथं नेऊन ठेवतं, ओरडत नाही. बी.कॉम.चं जमा-नावे आयुष्यात कामी आलं ते इथंच. वर्षही आपलं आपण ठरवायचं, १ एप्रिल ते ३१ मार्च. पीककर्जही ३१ मार्चच्या आत फेडायचं असतं, तेव्हा ते बसतंही नीट. महिन्याचा आग्रह नाही.

म्हणजे ठरलंच होतं. मग तो एक रुपया का जात नाही?

काल वाटलं, महिन्यावर आपला राग आहे. जून-जुलैत बी-खत, ऑगस्टात निंदण, डवरणी, फवारणी, आणि पैसा पाहायचा तो दिवाळीनंतर. यंदा (२०२५-२६) लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८११० हमीभाव, तोही ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण, नाही तर कापून. आले ते पैसे खात्यावर टेकले न टेकले तोच गेले. ह्याला मासिक कुठून म्हणायचं? रात्री पडल्या पडल्या स्वतःची फार कीव आली. पगारवाल्यांच्या जगात आपल्यासाठी साधा रकानाही नाही वगैरे. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं थोडं.

आणि तेवढ्यात आठवलं, महिन्याचं आहे की! लाडकी बहीणचे १५००. जुलै २०२४ पासूनचे. ना माऊला सुचलं ना मला. हसूच आलं अंधारात. शिवाय केंद्राचे वर्षाला ६ हजार, राज्याचे ६ हजार, बारानं अगदी बरोबर भाग जातो, महिन्याला हजार. पण ते ह्यांच्या खात्यावर. सातबारा ह्यांच्या नावावर आहे म्हणून. तो विषय नको.

तरी १५०० टाकावे असं वाटेना. ते काही मी कमावलेले नाहीत. बरं, कापूस तरी मी कमावलेला म्हणायचा का?

आज संध्याकाळी अंगणात काटा लावला होता. आता शेवटची वेचणी, बोंडं थोडी, बाया किलोवर यायला तयार नसतात, रोजानं येतात. तरी किती निघाला ते कळावं म्हणून गाठोडी मोजतोच. मी वही घेऊन बसते. नाव, किलो, पैसे. माझंही गाठोडं काट्याला लागतं, शेवटचं. माझं नाव, किलो, आणि पुढचा रकाना रिकामा. वहीची मागची पानं चाळली तर दिवाळीपासून तसंच आहे. प्रत्येक दिवशी सगळ्यांच्या पुढं आकडा आणि माझ्या पुढं कागद. हे मीच लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, आणि आजपर्यंत डोळ्यांना खुपलं नव्हतं. माऊनं निदान एक तरी लिहिला.

मग काय, बेरीज केली. किलोचा दर दहा रुपये होता तेवढ्या दिवसांचीच धरली. साडेचार क्विंटल होतो माझ्या हातचा कापूस. ४५०० रुपये. बारानं भागले, ३७५. मासिक उत्पन्न ३७५! निंदण धरलं नाही, म्हशीचं धरलं नाही, स्वयंपाकाचं तर सोडाच. ते धरत बसले तर ॲपला मला कर्ज द्यावंसं वाटेल.

ग्नूकॅशमध्ये हे लिहिता येतं. उत्पन्नात नवं खातं, 'माझी वेचणी'. खर्चाच्या बाजूला कपाशीच्या वेचणीत तेच ४५००. घरातले पैसे घरातच, नफा-तोट्यात फरक शून्य, बँकेत दमडी वाढत नाही. बी.कॉम.चे सर असते तर म्हणाले असते हा व्यवहारच नव्हे. पण कपाशीचा एकराचा खर्च तरी खरा दिसेल. दरवर्षी तो कमी दिसतो आणि दरवर्षी हे म्हणतात, वेचणी यंदा स्वस्तात पडली.

तेव्हा ॲपचे पैसे भरायचे नाहीत. फाइलीच्या दोन कॉपी काढायच्या, एक पेन ड्राइव्हवर, एक माऊकडे. मग ३, मग ४, मग ५. नवं खातं पाचमध्ये गेल्यावरच उघडणार, आधी नाही.

जेवताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, "किती पैशे लागते त्या नव्याले?"

"काहीच नाही, फुकट आहे."

"मंग इतका विचार काहून करून रायली?"

"एक खातं उघडायचं आहे."

"ब्यांकेत?"

मी भाकरी वाढली. माऊला मेसेज टाकला, येताना लॅपटॉपचं चार्जर विसरू नको.