शेजारच्या इंजिनाला विचार

गेल्या गुरुवारी मी एका गिऱ्हाईकाच्या बोटीचा फ्युएल पंप काढून नवा बसवला आणि फोरमनने तो मला परत उतरवायला लावला. जुनाच पंप पुन्हा लागला. माझ्या चार तासांची मजुरी बिलात धरली नाही. मायामीत बोटींच्या कामाला लागून मला दोन वर्षं होतील, पण असं पहिल्यांदाच झालं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

बोट २८ फुटी. मागे २०० हॉर्सपॉवरची दोन आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली इंजिनं. उजवं इंजिन ४००० आरपीएमवर पंधरा-वीस मिनिटं छान पळायचं आणि मग दम सोडायचं. वेग कमी केला की सावरायचं. इंधन कमी पडतंय हे उघड होतं, म्हणून मी पंप धरला. इकडे येण्याआधी हर्णै बंदरात मी असेच अंदाज बांधायचो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचे.

फोरमन क्यूबाचा, साठीचा माणूस. आवाज न चढवता त्याने एवढंच विचारलं, "शेजारी तसंच दुसरं इंजिन आहे. त्याला विचारलंस का?"

मग त्याने माझ्याकडून सगळं पहिल्यापासून करून घेतलं. टाकी एकच होती. तिचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारं भोक, तुंबला असता तर दोन्ही इंजिनांनी मान टाकली असती. एकच रडतंय, म्हणजे दोष सामाईक वाटेवर नाही. इंजिनं बंद केली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचते, म्हणून आधी तिथली हवा काढली. मग इंजिनापाशी इंधनाच्या नळ्यांची अदलाबदल केली, उजवीची डाव्याला आणि डावीची उजव्याला. पुन्हा पाण्यात. बिस्केन बेमध्ये मॅनटीच्या, म्हणजे समुद्रगायींच्या पट्ट्यात बोट रांगतच न्यावी लागते. तो पट्टा संपला की ४०००.

अठराव्या मिनिटाला डावं इंजिन बसलं. उजवं खणखणीत चालू होतं.

तो क्षण मी विसरणार नाही. दोष नळीबरोबर सरकला होता. इंजिन चांगलं, पंप चांगला, बिघाड त्यांच्या मागे कुठेतरी. मग पाणी वेगळं करणारे दोन फिल्टर आपसांत बदलले. तरी डावंच बसलं, म्हणजे फिल्टरही निर्दोष सुटला. उरली फिल्टरपासून टाकीपर्यंतची नळी आणि टाकीच्या तोंडाशी बसवलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह. नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बोटीत उतरू नये म्हणून तो असतो. व्हॉल्व्ह उघडला तर त्याला जोडलेल्या नळीत लसणीच्या सालीएवढा पातळ, कुरळा पापुद्रा. नळीच्या आतलं अस्तर सुटलं होतं आणि ओढ वाढली की आत ओढलं जाऊन इंधनाची वाट अडवत होतं. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, जुन्या नळ्यांची अस्तरं ते पोखरतं. आपल्याकडे आता २० टक्के आहे. ओबीएमवाल्यांनी, म्हणजे आऊटबोर्ड मोटर लावणाऱ्यांनी, नळ्यांचं वय बघून ठेवा.

फोरमनची वही मला फार आवडली. डाव्या-उजव्याचे दोन रकाने. आरपीएम, इंधनाचा दाब, तापमान, वेळ. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर नवी ओळ. एक इंजिन ढेपाळलं की सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि त्याचेही आकडे बिघडतात. म्हणून दोन्ही एकाच आरपीएमवर असतानाचेच आकडे शेजारी मांडायचे. सगळंच अदलाबदलीचं नसतं, आमच्या त्या बोटीचे पंखे उलट-सुलट दिशांना फिरणारे होते. पण प्लग, कॉइल, फिल्टर, नळी यांतलं जे हलवता येतं ते हलवायचं. दोष त्याच्यासोबत गेला तर चोर सापडला. नवा पार्ट त्यानंतर.

पण हे मी परदेशात शिकलो, असं मला म्हणवत नाही. आमच्या बंदरातले मिस्त्रीकाका लेलँडच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर हेच करायचे. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरा ढिला करायचे. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. आवाज तसाच राहिला तर तोच आळशी. पाच शेजाऱ्यांना विचारून सहावा पकडायचा. वही नव्हती, कारण भरती चुकली तर नाखव्याची एक फेरी जायची आणि लिहायला वेळ कोण देणार? इथे तासाला पैसे मिळतात, तिथे भरतीच्या वेळेवर सगळं. मी घाईने पंप बदलला तो त्याच सवयीने, अडाणीपणाने नव्हे. बाबांना मात्र हे पटलं नाही. म्हणाले, काकांनी घाईतही कधी चांगला पार्ट उतरवला नाही.

रविवारी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि तो पापुद्रा दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"नळी बदललीस?"

"हो काका, कालच."

"आणि दुसरी? ती पण त्याच वयाची ना रे?"

सोमवारी मी डाव्या इंजिनाची नळी कापून बघितली. आतलं अस्तर एका बाजूने सुटायला लागलं होतं. फोरमनला दाखवलं. त्याने वही उघडली आणि डाव्या रकान्यात नवी ओळ लिहिली.